साडूची केळ

नानांनी राहतं घर विकायला काढलं तेव्हा भांडीकुंडी, कपाटं, शिवणयंत्र सगळं दोघी मुलींनी आधीच वाटून घेतलं होतं. उरलं होतं फक्त मागच्या अंगणातलं केळीचं बेट. पाणीपुरवठ्याच्या पंपावर तीस वर्षं नोकरी केलेल्या नानांनी नोकरीखेरीज जीव लावून केलेली गोष्ट म्हणजे ही केळी. घराचा ताबा द्यायच्या आधीच्या रविवारी त्यांनी कुदळ घेतली. मोठ्या केळीच्या बुडाशी आलेली दोन पिल्लं त्यांनी कंदासकट अलगद सुटी केली आणि ओल्या पोत्यावर शेजारी शेजारी ठेवली.

"जावईबापू, तुम्ही थोरले. आधी तुम्ही निवडा," ते म्हणाले.

थोरल्या मुलीचे नवरे म्हणून त्यांना घरात सगळे दाजी म्हणत. चष्म्याचं दुकान होतं त्यांचं. काचेला केसाएवढा ओरखडा असला तरी त्यांच्या नजरेतून सुटत नसे, आणि हे ते स्वतःच वरचेवर सांगत. त्यांनी दोन्ही पिल्लांकडे एकदाच पाहिलं. एकाची पानं रुंद, टवटवीत, हिरवीगार होती. दुसऱ्याची पानं अगदी निमुळती, पातीसारखी उभी होती आणि ते पिल्लू जेवणावाचून ठेवलेल्या पोरासारखं काटकुळं दिसत होतं. दाजींनी रुंद पानांचं उचललं.

"बघून घ्या हं नीट," नाना म्हणाले.

"बघूनच घेतलंय."

धाकटे साडू लिफ्टा दुरुस्त करायच्या कामावर होते. कपड्यांना कायम ग्रीसचा वास आणि तोंडावर कायम हसू. "मला काय, राहील ते माझं," असं म्हणून त्यांनी ते काटकुळं पिल्लू काखेत मारलं. नाना त्यांच्या पाठीवर थाप मारत म्हणाले, "अरे, कंद खाली धर त्याचा, उलटं काय धरतोस!"

दाजींना तेव्हाच काहीतरी खुपलं, पण ते पिल्लू नव्हे, तो 'अरे' होता. बावीस वर्षं झाली होती लग्नाला आणि नाना त्यांना अजून 'जावईबापू' आणि 'तुम्ही' म्हणत. साडू या घरात येऊन जेमतेम नऊ वर्षं झाली, आणि पहिल्याच महिन्यापासून त्याला 'अरे-तुरे'. लोक म्हणायचे, काय मान आहे तुम्हाला! दाजींना मात्र तो मान बैठकीतल्या पाहुण्यांच्या खुर्चीसारखा वाटायचा. बसायला चांगली, पण स्वयंपाकघरात कोणी बोलवत नाही.

घरी आल्यावर दाजींनी वही काढली. दुकानामागच्या अंगणात टेप लावून दोन फूट लांब, दोन फूट रुंद, दोन फूट खोल खड्डा खणून घेतला. पोतंभर विकतचं खत टाकलं. पिल्लू लावलं आणि सकाळी दुकान उघडायच्या आधी एक झारी, संध्याकाळी बंद केल्यावर एक झारी, असं पाणी सुरू केलं. वहीत तारीख आणि उंची लिहीत गेले.

"अहो, एवढं पाणी लागतं का त्याला?" थोरलीनं एकदा विचारलं.

"केळ आहे. केळीला पाणीच लागतं."

साडूंनी काय केलं, ते दाजींनी पुढच्या रविवारी डोळ्यांनी पाहिलं. तळमजल्यावरच्या त्यांच्या घरामागे कपडे वाळत घालायची चिंचोळी जागा होती. तिथल्या ऊन येणाऱ्या कोपऱ्यात खड्डा खणून पिल्लू खोचलं होतं. वर चहाचा चोथा, भाज्यांची देठं, अंड्यांची टरफलं. वही नाही, टेप नाही. धाकटी म्हणाली, "हे तर चार-चार दिवस विसरतात. माती कोरडी दिसली की मग घालतात बादलीभर." दाजी मनातल्या मनात हसले. जाताना मोठेपणानं म्हणाले, "साडूबुवा, काही अडलं तर सांगा. माझ्याकडे सगळं लिहिलेलं आहे."

दोन महिन्यांत हसू मावळलं. साडूंच्या केळीनं पान टाकलं की ते आधीच्या पानापेक्षा वीतभर लांब असे. खोड मांडीएवढं जाड झालं. दाजींच्या केळीची ती रुंद पानं कडांनी पिवळी पडायला लागली, मग तपकिरी, आणि नवं पान यायचं ते सुरळी न सोडताच आत अडकून बसायचं. दाजींनी पाणी वाढवलं. पिवळेपणाही वाढला.

रविवारी साडूंकडे जायचं म्हटलं की दाजींचं डोकं दुखायला लागायचं. गेले तर खिडकीकडे पाठ करून बसत, कारण खिडकीतून ती केळ दिसे. पण दिसायचं थांबवलं तरी ऐकू येत असे. वाऱ्यात पानं फडफडत, आणि रविवारचे तिथं जेवायला आलेले नाना मागच्या दारात खुर्ची टाकून साडूंना सांगत असत, "अरे, बुडाशी पिल्लं येतायत बघ. एकच ठेव. बाकीची काढ, नाहीतर सगळी आईचंच खातील." साडू "हो नाना, हो नाना," करत. दाजी बैठकीत वर्तमानपत्राचं एकच पान वाचत बसत.

घरी परतताना थोरली म्हणाली, "किती छान झालीय ना त्यांची?"

"त्यांच्याकडे ऊन आहे."

"आपल्याकडेही आहेच की ऊन."

"तू गप्प बस."

खरं काय ते दाजींना कळलं आपल्याच दुकानात. रोपवाटिका चालवणाऱ्या एक बाई जवळचा चष्मा करून घ्यायला आल्या होत्या. त्यांच्या नाकावर चौकट बसवता बसवता दाजींनी सहज विचारल्यासारखं विचारलं, "एका ओळखीच्यांनी केळीचं पिल्लू लावलंय. रुंद पानांचं. पिवळं पडतंय."

बाई हसल्या. "रुंद पानांचं? म्हणजे फसले तुमचे ओळखीचे. ते नुसतं पाण्यावर वाढलेलं असतं, कंदात दम नसतो. लावायचं ते निमुळत्या पानांचं, तलवारीसारखं. दिसायला मरतुकडं असतं, पण बूड धरून असतं. नवीन माणूस हटकून रुंद पानाला भुलतो. आणि पाणी किती घालतात?"

"दोन झाऱ्या. रोज."

"मग मुळं कुजली असणार. केळीला ओल हवी, डबकं नको. खोड हलवून बघायला सांगा त्यांना."

दुकान बंद झाल्यावर दाजींनी खोड धरून हलवलं. ते दातासारखं हललं. जरा ओढलं तर हातातच आलं, आणि खालून नासका, आंबूस वास आला. त्यांनी ते तसंच उचलून कचऱ्यात टाकलं. वहीसुद्धा टाकली. पण मनातून एक गोष्ट जाईना. नानांना हे माहीत होतं. तीस वर्षं केळी लावलेल्या माणसाला रुंद पानाचं आणि निमुळत्या पानाचं अंतर ठाऊक नसेल? समोर दोन ठेवली, एक चांगलं, एक वाईट. थोरल्याला वाईट उचलू दिलं आणि तोंडातून अवाक्षर काढलं नाही. 'लाडक्याला बरोबर मिळालं,' असं दाजी आरशासमोर दाढी करताना पुटपुटले आणि हनुवटीला कापून घेतलं.

अकराव्या महिन्यात साडूंची केळ निसवली. पानांच्या मधून जांभळं केळफूल बाहेर आलं, वाकलं, आणि त्याची एकेक पाकळी उचलली गेली की खाली केळ्यांची एकेक फणी. धाकटीनं फोटो पाठवले. थोरली ते भाजीवालीला दाखवे, शिंप्याला दाखवे, दुकानात आलेल्या गिऱ्हाइकांना दाखवे. दाजींना आपल्या दुकानात साडूच्या केळीचं कौतुक ऐकून घ्यावं लागे, तेही गिऱ्हाइकाच्या डोळ्यांसमोर अक्षरांचा तक्ता धरून.

त्याच सुमारास साडूंना तीन आठवडे बाहेरगावी नव्या इमारतीत लिफ्ट बसवायचं काम लागलं. धाकटीही सोबत गेली. किल्ली थोरलीकडे आली. चार दिवसांनी एकदा जाऊन केळीला पाणी घालायचं, एवढंच. पहिल्या दोन खेपा थोरलीनं केल्या. तिसऱ्या खेपेला तिचा पाय मुरगळला.

"अहो, तुम्ही जाऊन या ना. बादलीभर घाला फक्त."

दाजी गेले. दुपारची वेळ होती, मागच्या गल्लीत कोणी नव्हतं. इतके महिने पाठ करून बसलेल्या माणसानं पहिल्यांदाच ती केळ जवळून पाहिली. नऊ फण्या. दाजींनी दोनदा मोजल्या. बोटाएवढी, हिरवी, वर तोंड करून बसलेली केळी. त्यांच्याखाली हातभर देठ आणि देठाच्या टोकाला ते जांभळं, चकचकीत, मुठीपेक्षा मोठं केळफूल, लोलकासारखं लोंबत होतं.

दाजींना वाटलं, सगळा जीव याच्यातच आहे. यातूनच फण्या येतात. हे गेलं की संपलं.

ते स्वयंपाकघरात गेले. सुरी घेऊन आले. दाजींचा हात काच कापताना असतो तितका स्थिर होता. एका झटक्यात देठ तुटलं. केळफूल पायाशी पडलं आणि कापल्या जागेतून पाण्यासारखा चीक ठिबकला, त्यांच्या बाहीवर, शर्टाच्या खिशावर. दाजींनी केळफूल वर्तमानपत्रात गुंडाळलं, दोन गल्ल्या सोडून तिसऱ्या गल्लीतल्या कचराकुंडीत टाकलं. केळीला पाणी मात्र घातलं. बादलीभर, सांगितल्याप्रमाणे.

रस्त्यानं येताना त्यांना हलकं वाटत होतं. घराच्या पायऱ्या चढेपर्यंत ते हलकेपण कुठच्या कुठे गेलं.

चिकाचे डाग संध्याकाळपर्यंत काळे पडले. थोरलीनं साबण लावला, लिंबू चोळलं, घासून घासून हात दुखवले. "हा तर केळीचा चीक. मरेपर्यंत जायचा नाही. काय करत होतात तिथं?"

"जरा साफसफाई केली," दाजी म्हणाले. "ते खालचं फूल काढून टाकलं."

खोटं बोलायचं तर निदान धड तरी बोलावं. पण सुचलंच नाही. थोरलीनं शर्ट फरशी पुसायला काढला.

पुढचे दहा दिवस दाजींनी धड जेवण केलं नाही. फोन वाजला की चमच्यातलं खाली सांडे. गिऱ्हाइकाला उजव्या डोळ्याची काच डाव्या बाजूला बसवून दिली, दुकान उघडल्यापासून पहिल्यांदा.

साडू परतले त्याच रविवारी सगळ्यांना बोलावणं आलं. दाजी फाशीला निघाल्यासारखे निघाले. मागच्या दारात नाना खुर्चीवर बसले होते, साडू केळीजवळ उभे होते. घड आता चांगला भरला होता. बोटाएवढी केळी अंगठ्याहून जाड झाली होती.

"दाजी!" साडू ओरडले. "केळफूल तुम्ही कापलंत?"

"हो," थोरलीच म्हणाली. "साफसफाई केली म्हणाले. शर्टाचं वाटोळं केलं."

साडूंनी येऊन दाजींचे दोन्ही हात धरले. "अहो, वाचवलंत मला! परतीच्या वाटेत आठवलं आणि जीव खालीवर झाला. नानांनी बजावून सांगितलं होतं, शेवटची फणी सुटली की केळफूल कापायचं, नाहीतर केळीचा सगळा जोर फुकट त्या फुलात जातो. आणि मी निघायच्या घाईत साफ विसरलो. बघा, घड कसा फुगलाय!"

नाना खुर्चीतून उठले, घडाजवळ गेले आणि कापलेली जागा त्यांनी निरखून पाहिली. "वीतभर देठ सोडून कापलंय. अगदी बरोबर. याला सांगून कळत नाही, आणि जावईबापूंना न सांगता कळलं." मग सगळ्यांच्या देखत ते म्हणाले, "हात आहे यांना. मला वाटलं नव्हतं."

बावीस वर्षं दाजी या शब्दांची वाट पाहत होते. आता ते ताटात वाढून पुढ्यात आले होते आणि घास गिळवत नव्हता. साडूंनी शिवी दिली असती तर सोसली असती. धाकटीनं चहाचा कप आधी त्यांच्या हातात दिला. नानांनी त्यांना मागच्या दारात आपल्या शेजारी खुर्ची टाकायला लावली. दाजी बसले. 'हो, हो,' म्हणत राहिले.

सहा दिवस त्यांनी ते कौतुक अंगावर वागवलं. सातव्या दिवशी सकाळीच नानांच्या नव्या, एका खोलीच्या घरी जाऊन उभे राहिले. नाना रेडिओ दुरुस्त करत होते.

"नाना, ते केळफूल. मला माहीत नव्हतं."

"काय माहीत नव्हतं?"

"की ते कापायचं असतं. मला वाटलं, कापलं की घड मरेल. म्हणून कापलं."

नानांनी हातातला पेचकस खाली ठेवला. त्यांच्या तोंडून निघालं, "अरे, काय केलंस हे? एवढा शहाणा माणूस तू!"

दाजींच्या कानात तो 'तू' घुमला. इतकी वर्षं हवा होता तो 'तू', आणि आला तो असा. त्यांचे डोळे भरून आले. पण मनात साचलेलं होतं तेही बाहेर आलं.

"तुम्ही मला रुंद पानांचं पिल्लू उचलू दिलंत. तुम्हाला ठाऊक होतं."

"होतं," नाना म्हणाले. "बघून घ्या म्हटलं होतं की तुला. तू म्हणालास, बघूनच घेतलंय. सगळ्यांसमोर थोरल्या जावयाला चुकला म्हणू? वाटलं, संध्याकाळी फोन करशील, तेव्हा सांगेन, दुसरं काढून देईन. फोन त्याचा आला. खड्डा केवढा, पाणी किती, ऊन किती, रोज एक प्रश्न. डोकं खाल्लं त्यानं माझं. तुझा एकही नाही. बावीस वर्षांत तू मला कधी काही विचारलंयस? मी तरी काय बोलणार होतो तुझ्याशी?"

नानांनी पेचकस पुन्हा उचलला.

"त्याला सांगितलंस?"

"नाही."

"मग माझ्याकडे काय आलास आधी? त्याची केळ आहे. जा."

साडू लिफ्टच्या खोलीत, इमारतीच्या गच्चीवर कामाला होते. दाजी सात मजले जिने चढून गेले, कारण लिफ्ट बंद होती. धापा टाकत त्यांनी जे नानांना सांगितलं तेच सांगितलं, काही न वगळता. साडूंच्या तोंडावरचं हसू पहिल्यांदाच गेलं. त्यांनी हात पुसले, पुन्हा पुसले.

"माझ्या घरात येऊन," ते म्हणाले. "किल्ली विश्वासानं दिलेली."

"हो."

"आणि त्या दिवशी मी तुमचे हात धरले, तेव्हा गप्प राहिलात."

"हो."

"जा, दाजी. मला काम आहे."

त्यानंतर दोन महिने रविवारचं येणं-जाणं बंद झालं. बहिणी-बहिणी फोनवर बोलत, पण हळू आवाजात. थोरलीनं सगळं ऐकल्यावर चार दिवस अबोला धरला. पाचव्या दिवशी जेवताना एवढंच म्हणाली, "एका केळीपायी माझं माहेर तोडलंत." दाजींनी मान खाली घालून पोळी मोडली.

मग एका दुपारी वारा सुटला. साधासुधा नव्हे, दुकानाची पाटी गदागदा हलवणारा. दुकानात धाकटीचा फोन आला. तिला थोरली हवी होती, पण थोरली बाजारात गेली होती. "घडाच्या वजनानं केळ कुंपणावर कलतेय. हे कामावर आहेत, फोन उचलत नाहीत. मी एकटी धरून उभी आहे, दाजी."

दाजींनी समोर बसलेल्या गिऱ्हाइकाला हात जोडले, शटर ओढलं आणि वाटेत लाकडाच्या वखारीतून दोन लांब बांबू खांद्यावर घेतले. पोहोचले तेव्हा धाकटी दोन्ही हातांनी खोडाला कवटाळून उभी होती. तिचे केस तोंडावर आले होते आणि वरची पानं फाटून चिंध्या झाली होती.

काय करायचं ते दाजींना माहीत नव्हतं. त्यांनी नानांना फोन लावला.

"नाना, केळ पडतेय. बांबू आणलेत. कसे लावू?"

"दोन बांबूंची कात्री कर. वर घडाच्या गळ्याशी, कललीय त्या बाजूनं टेकव. खोडाला घासू नये म्हणून मध्ये कापड घाल. घाई करू नकोस. मी धरतो फोन."

दाजींनी अंगातला शर्ट काढून बांबूंच्या कात्रीत गुंडाळला, बांबू रोवले, दोरी बांधली. दोनदा सुटली, तिसऱ्यांदा बसली. अर्ध्या तासानं केळ सरळ उभी राहिली, किंवा निदान पडायची थांबली. नाना तोवर फोन धरून होते.

साडू संध्याकाळी आले. दाजी बनियनवर, मातीनं माखलेले, मागच्या पायरीवर बसले होते. साडूंनी आधी केळ पाहिली, मग बांबू, मग दोरी.  दोरीला बोट लावून पाहिलं.

"ही गाठ रात्रीत सुटेल," ते म्हणाले.

त्यांनी ती सोडली. लिफ्टच्या तारा ओढणारे ते हात, दोन वेढे, एक पीळ, एक झटका. गाठ दगडासारखी बसली. एवढ्याशा वेळात, मान वर न करता.

दाजींना पुन्हा तेच जुनं खुपलं. त्यांनी ते ओळखलं. या वेळी ते उठून साडूंच्या शेजारी जाऊन उभे राहिले.

"ही कशी बांधलीत?" त्यांनी विचारलं. "परत एकदा दाखवा."

साडूंनी त्यांच्याकडे पाहिलं. हसले नाहीत. पण गाठ सोडली, दोरीचं एक टोक दाजींच्या हातात दिलं आणि म्हणाले, "धरा. आता सावकाश करतो."